डोरिसच्या चाळीस एकरांचं कुलूप

मी विमानाचं तिकीट तीन महिने आधी काढणारी बाई आहे. चार वेबसाइट्सवर भाव बघते, एकदा काढलं की पुन्हा भाव बघते आणि हळहळते. या एप्रिलमध्ये मात्र पत्र शुक्रवारी आलं आणि रविवारी सकाळी चहा निवायच्या आत तिकीट काढून झालं होतं. नॉर्थ कॅरोलिनातलं रॅली ते कॅलिफोर्नियातलं सॅक्रामेंटो, मधे डॅलसला विमान बदलायचं. इतक्या आयत्या वेळी जाणार असाल तर भावाकडे डोळेझाक करावी लागते, एवढंच सांगते.

पत्र डोरिसचं होतं. २००१ ते २००३ मी कॅलिफोर्नियात शिकत होते, विषय गवताळ रानं आणि त्यांची निगा. अभ्यासाला जमीन हवी होती. कुणाच्या तरी ओळखीने डोरिसचं रँच मिळालं, सॅक्रामेंटोच्या पूर्वेला तासाभरावर, मोठे डोंगर सुरू व्हायच्या अलीकडच्या टेकाडांवर. डोरिस तेव्हा बहात्तरची, नवरा आधीच गेलेला, मुलगा रीनो शहरात, आणि सोबतीला शंभरेक गायी. तिच्या चाळीस एकरांना मी कुंपण घातलं, गायी बाहेर ठेवल्या, फाटकाला कुलूप लावलं आणि दोन वर्षं आतलं-बाहेरचं गवत मोजलं. त्या दोन वर्षांतले बहुतेक शनिवार-रविवार मी तिच्या मागच्या खोलीत राहिले. मग मला नॉर्थ कॅरोलिनात मॉरिसव्हिलला सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लागली. गवत सुटलं. डोरिसही सुटली. पहिली दोन वर्षं नाताळला कार्ड पाठवलं, नंतर तेही राहून गेलं.

पत्रात पाचच ओळी होत्या. मे महिन्यात मी मुलाकडे राहायला जातेय. जमीन शेजाऱ्याला भाड्याने देणार. कुलूप लावलेल्या चाळीस एकरांचं काय, असं तो विचारतो. तुझं काम संपलं असेल तर कळव. किल्ली तुझ्याकडे आहे आणि कुलूप तोडणं मला बरं वाटलं नाही.

माझं काम २००३च्या मे महिन्यातच संपलं होतं. मी तिला सांगायला विसरले. यापेक्षा बरं कारण सापडतंय का म्हणून मी दोन दिवस डोकं खाजवलं, नाही सापडलं.

किल्ली सापडली. सेफ्टी पिना, जादाची बटणं आणि भारतातली सुटी नाणी ठेवायच्या डब्यात होती. आता कुणीही म्हणेल, पाकिटात घालून पोस्टाने पाठवून द्यायची. मीही पाकीट आणलं, पत्ता लिहिला. पण मॉरिसव्हिलच्या माझ्या अपार्टमेंटमध्ये शनिवारी सकाळी फोन वाजत नाही, दार वाजत नाही, आणि वाजावं अशी अपेक्षाही मी सोडून दिलेली आहे. या देशात स्वयंपाकघरातला दिवा माझ्यासाठी लावून ठेवणारं माणूस एकच झालं, आणि त्या माणसाला मी पाच वर्षं तिच्याच जमिनीच्या बाहेर ठेवलं होतं. हे तोंडाने सांगायला हवं होतं. ऐकून ती मला घरात ठेवेल की नाही, हे काही मला माहीत नव्हतं.

निघायच्या आधी शेजारच्या कॅरी गावातल्या वैशालीचा फोन आला. आमच्याकडे दर एप्रिलला जयंतीचा कार्यक्रम असतो, पंचवीस-तीस कुटुंबं, शाळेचा हॉल, आणि खीर माझ्याकडे.

"अगं यार, तू कॅन्सल करतेयस? एवढी खीर कोण करणार? आणि कॅलिफोर्नियात कोण आहे तुझं?"

"एक म्हातारी आहे."

"रिलेटिव्ह?"

"नाही गं. तिच्या फाटकाची किल्ली राहिलीय माझ्याकडे."

ती म्हणाली, "बरं. जय भीम. लवकर ये." एकट्या बाईचं डोकं फिरलं तर लोक फार वाद घालत नाहीत, हा एक फायदा असतो.

पहिला दिवस

सॅक्रामेंटोच्या विमानतळावर सगळ्यात लहान गाडी भाड्याने घेतली. पेट्रोल गॅलनला साडेतीन डॉलरच्या वर गेलं होतं, त्यामुळे हौस करायची सोय नव्हती. शहरातून बाहेर पडून हायवे १६, म्हणजे जॅक्सन रोड, धरायचा आणि सरळ पूर्वेला जायचं. रस्ता दोन पदरी, वाळूचे आणि खडीचे ट्रक फार, ओव्हरटेक करायची घाई करू नका. २००३मध्ये शहर संपायचं तिथून पुढे मैलभर आता घरंच घरं होती. निम्मी अर्धवट, बाकीच्यांपुढे विकाऊच्या पाट्या. एका पाटीखाली मेंढ्या चरत होत्या.

घरं संपली की टेकाडं लागतात. एप्रिलचे पहिले दोन आठवडे गाठलेत तर ती हिरवी दिसतील, मेअखेर गेलात तर पिवळी धमक, आणि पिवळी म्हणजे वाळलेली. इथलं सगळं आपल्या उलट आहे. पाऊस हिवाळ्यात येतो, उन्हाळाभर थेंब नाही. भूमध्य समुद्राभोवती असतं तसं हवामान, आणि गवतंही बरीचशी तिकडचीच, जुन्या काळी गुराढोरांबरोबर आलेली. मधूनमधून ब्लू ओकची झाडं, एकेकटी, निळसर पानांची. माणसंही तशीच लांब लांब राहतात.

वाटेत एका छोट्या गावात जेवायला थांबले. अंडी, बटाटे, टोस्ट आणि कितीही वेळा भरून मिळणारी पाणचट कॉफी. तिखट मागितलं तर टोमॅटोची बाटली पुढे येते, तेव्हा आपलं लोणचं पर्समध्ये ठेवा. मागच्या टेबलावर दोन म्हातारे शेतकरी बोलत होते.

"गायी हटवा म्हणणारे सगळे शहरात राहतात," एक म्हणाला.

"आणि गायी ठेवा म्हणणारे?"

"त्यांची पोरं शहरात राहतात."

मी ताटात बघून खात राहिले. गायी हटवा म्हणणारी बाई त्यांच्या मागेच बसली होती.

मी तसं का म्हणाले होते, ते सांगायला हवं. अमेरिकेत यायच्या आधी मी वर्धा जिल्ह्यात पाणलोटाच्या कामावर होते. ग्रामसभेत चराईबंदी ठरायची आणि मी घरोघर जाऊन सांगायची, जनावरं डोंगरावर सोडू नका, शेळ्या विका. ज्यांना शेती होती त्यांना ते जड गेलं नाही. आमच्या लोकांना शेती नव्हती, दोन-तीन शेळ्याच होत्या. माझ्या आत्याकडे तीन होत्या. मी तिच्या ओट्यावर बसून तिला गवत, माती, पाणी सगळं समजावून सांगितलं आणि तिने त्या विकल्या. तीन वर्षांत डोंगर खरंच हिरवा झाला. विहिरीला पाणी आलं. ती गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली होती, आणि तीच शिदोरी घेऊन मी डोरिसच्या दारात आले होते. जमीन दमलीय का? गुरं बाहेर काढा. माझ्याजवळ हे एकच औषध होतं आणि ते लागू पडतं याची मला खात्री होती.

दुपारी चारला रँचवर पोचले. कच्च्या रस्त्यावर गाडीची धूळ दिसली असणार, कारण डोरिस पायरीवर उभी होती. बारीक झाली होती. केस अगदी कापलेले, हातात काठी, पण काठी टेकत नव्हती, नुसती धरली होती.

"सू," ती म्हणाली. सुनंदा तिला कधीच जमलं नाही. "वाळलीस."

डोरिस अर्थात इंग्रजीत बोलते, पण इतक्या वर्षांनी माझ्या डोक्यात ती मराठीच बोलते, तेव्हा तसंच लिहिते.

मागची खोली झाडून ठेवली होती. स्वयंपाकघरात वाटाण्याचं सूप होतं आणि शेगडीवरच्या फळीवर माझी तिखटाची बाटली. पाच वर्षांपूर्वी मी ठेवून गेलेली, वर माझ्या अक्षरात चिठ्ठी, तिखट पार विटकरी पडलेलं. तिने ती टाकली नव्हती. मी ते तिखट सुपात घातलं. चव काहीच नव्हती. त्या संध्याकाळी सांगायचं ठरवलं होतं. तिने गायींची, मुलाची, गुडघ्याची हकिगत सांगितली, आणि मी माझ्या ऑफिसची सांगितली, जी फार नाही. मग ती झोपायला गेली. मी भित्री आहे, हे मला नवीन नव्हतं.

दुसरा दिवस

सकाळी तिच्या पिकअपमधून चाळीस एकरांकडे गेलो. मला वाटत होतं, निदान दाखवायला काहीतरी असेल. मी गेले तेव्हा कुंपणाच्या आत गवत कमरेपर्यंत होतं आणि बाहेर घोट्यापर्यंत. माझ्या प्रबंधात त्याचे फोटो आहेत. पाच वर्षांत आत काय झालं असेल, याचं एक चित्र विमानात बसून मी मनात रंगवलं होतं.

आधी बाहेरची बाजू लागली, जिथे गायी चरतात. त्या टेकाडांच्या सपाटीवर खाली कठीण थर आहे, पाणी मुरत नाही, म्हणून हिवाळ्यात उथळ डबकी साठतात. इथे त्यांना व्हर्नल पूल म्हणतात. वसंतात पाणी काठाकडून आटत जातं आणि जसजसं आटतं तसतशी फुलांची कडी उमटत जातात. बाहेर पिवळं कडं, त्याच्या आत पांढरं, आणि अगदी मध्ये ओलसर मातीत निळी जांभळी बारकी फुलं. ती फुलं या डबक्यांखेरीज फारशी कुठे येत नाहीत. मी गुडघ्यावर बसले. चिखलात गायींचे खूर उमटलेले, शेजारी शेण, आणि त्याला खेटून निळी फुलं. माझ्या विद्येप्रमाणे त्यांनी तिथे असायला नको होतं.

मग फाटक. कुलूप गंजलं होतं. डोरिसने खिशातून तेलाची लहान बाटली काढली, म्हणजे ती तयारीने आली होती. दोन-तीनदा किल्ली फिरवली, अंगठा दुखला, मग उघडलं.

आत फुलं नव्हती. गवत होतं, म्हणजे सहा-सात वर्षांचं वाळकं गवत एकावर एक पडून झालेला जाड थर, गादीसारखा, पाय टाकला की आत जाणारा. त्यातून या वर्षीची हिरवी पाती कशीबशी वर आलेली. माझी तीन डबकी होती तिथे, नंबर दिलेली. पहिलं मला सापडेचना. खांबावरचा पत्र्याचा बिल्ला बघून कळलं की मी त्याच्यात उभी आहे. थर उचलून खाली हात घातला, माती कोरडी होती. बाहेरच्या डबक्यांत अजून ओल होती.

काय झालं ते मला उभ्या उभ्या कळलं. तिकडचं गवत वर्षायू असतं. दर हिवाळ्यात नव्याने उगवतं, उन्हाळ्यात मरतं आणि तिथेच पडतं. खायला कुणी नसेल तर साठत जातं, बारक्या फुलांना ऊन पोचू देत नाही, आणि डबक्यातलं पाणी वेळेआधी शोषून घेतं. गायी खात होत्या म्हणून पाणी टिकत होतं, म्हणून फुलं होती. दोन वर्षांत मला कळलं नाही, कारण दोन वर्षांत गवत नुसतं उंच दिसतं. मी उंची मोजली आणि निघून गेले.

"डोरिस," मी म्हणाले, "माझं काम पाच वर्षांपूर्वीच संपलं होतं."

ती फाटकाला टेकली होती.

"मी तुला सांगायला विसरले. किल्ली डब्यात पडून होती. तू आत गायी केव्हाच सोडू शकली असतीस."

"तू म्हणाली होतीस, एक गाय जरी आत गेली तरी सगळं वाया जाईल."

म्हणाले होते. अगदी याच शब्दांत, बोट दाखवून.

"गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात पाऊस पडला नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मार्चमध्येच बाहेरचं संपलं. गायी या तारेशी येऊन उभ्या राहायच्या आणि आत बघायच्या. आत गवत उभं होतं. शेजारी म्हणाला, कटर आणतो. मी म्हटलं, नाही, तिचं काम चालू आहे. अकरा गायी विकल्या मी. त्यातल्या दोन तर मी बाटलीने दूध पाजून वाढवलेल्या."

मी सॉरी म्हणाले. तो शब्द त्या माळावर फारच लहान वाटला. ती पिकअपमध्ये बसली आणि मला न घेता निघून गेली.

घर दोन मैलांवर होतं, पण मी गेले नाही. जायचं तोंड नव्हतं. दिवसभर त्या चाळीस एकरांत फिरत राहिले. तुम्ही कधी अशा रानात जाणार असाल तर उंच बूट घाला, साध्या मोज्यांत इतकी कुसळं घुसतात की मोजे टाकूनच द्यावे लागतात. गवतात हात घालायच्या आधी काठी आपटा, खुळखुळ्या साप, म्हणजे रॅटलस्नेक, असतात. पाणी जास्त ठेवा. माझ्याकडे अर्धी बाटली होती आणि विमानातलं दाण्यांचं पाकीट. दुपारी एका ओकखाली बसून ते खाल्लं. इतकं एकटं मला मॉरिसव्हिलमध्येही वाटलं नव्हतं. तिथे निदान माझ्या एकटेपणाला मी जबाबदार नाही, असं म्हणायची सोय होती. मी कुणालाच फोन का करत नाही, हे मला त्या झाडाखाली बसून पहिल्यांदा नीट दिसलं. मी सांगते, समजावते, पटवते आणि पुढच्या कामाला लागते. मागे माणसं माझं ऐकून बसलेली असतात.

उन्हं कलताना उतारावरून खाली ओढ्याकडे गेले. कुंपणाचं खालचं टोक ओढ्यापर्यंत जातं, हे मी विसरूनच गेले होते. तिथे वेगळंच चाललं होतं. पूर्वी गायी पाण्याला उतरून काठ तुडवून टाकायच्या, नुसता चिखल असायचा. आता काठ धरला होता, वाळुंजाची झाडं उभी राहिली होती आणि पाणी तळ दिसेल इतकं नितळ. आणि काठाच्या वर, गवताच्या कडेला, गुडघ्याएवढी ओकची रोपं. मी मोजली. मोजण्याची खोड जात नाही. सतरा होती.

अंधार पडायच्या आत घरी पोचले. डोरिसच्या खोलीचं दार बंद होतं. टेबलावर माझं ताट झाकून ठेवलेलं होतं. स्वयंपाकघरातला दिवा चालू होता.

तिसरा दिवस

सकाळी ती टेबलाशी बसली होती, बोलायच्या मूडमध्ये नव्हती. मी उभ्यानेच सांगितलं, "ओढ्याकाठी ओकची रोपं आलीत. सतरा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या नवऱ्याने आयुष्यभर तिथे ओक लावले होते, हे मला माहीत होतं. फळं पेरायचा, रोपं आणायचा, रोपांवर डबे उपडे घालून ठेवायचा. एकही जगला नव्हता, दरवर्षी गायी खाऊन टाकायच्या. त्या टेकाडांवर म्हातारे ओक पुष्कळ, तरुण ओक दिसतच नाहीत.

पिकअप शक्य तितकी खाली नेली, बाकीचं ती काठी टेकत चालली. एकेका रोपापाशी थांबली. पानं बोटांत धरून बघितली. शेवटच्या रोपापाशी खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही. मी लांब उभी राहिले.

"हे तुझ्यामुळे झालेलं नाही," ती उठताना म्हणाली. "तू विसरलीस म्हणून झालंय."

"हो," मी म्हणाले. खरंच होतं ते. दोन वर्षांत कुलूप काढलं असतं तर ही रोपंही जगली नसती, आणि काढलं नाही म्हणून वरची डबकी गेली. एकच कुंपण, वर त्याने वाटोळं केलं आणि खाली भलं केलं. हे मी प्रबंधात लिहिलं असतं तर मला जास्त मार्क मिळाले असते. पण मला त्या वेळी एकच उत्तर हवं होतं.

"मग आता काय करायचं? तू शिकलेली आहेस."

मी आयुष्यात पहिल्यांदा सांगायच्या आधी विचारलं. "तुला काय वाटतं?"

डोरिसने टेकाडाकडे पाहिलं, मग ओढ्याकडे. "वर गायी हव्यात. इथे नकोत."

शेडमधून तिने बॅटरीवर चालणारी विजेची तार काढली, सोबत प्लास्टिकचे हलके खुंट, जे पायाने दाबले की जमिनीत जातात. हातमोज्यांच्या दोन जोड्या आणल्या. उतारावर आडवी तार ओढली, ओढ्याकडचा पट्टा वेगळा काढला. तिला दम लागायचा, मग ती खुंटांच्या भाऱ्यावर बसून मला चुका सांगायची. पक्कं कुंपण शेजारी घालेल, त्याच्याशी ती बोलणार होती. दुपारपर्यंत झालं. मग वरचं फाटक सताड उघडलं आणि ती गायींना तिच्या त्या लांब आवाजात हाका मारायला लागली.

गायी आल्या, पण आत शिरेनात. सहा-सात वर्षं तिथे अडलेल्या, त्यातल्या कित्येक जन्मल्यापासून. उघड्या फाटकात येऊन उभ्या राहिल्या आणि आत बघत राहिल्या. डोरिस आत जाऊन उभी राहिली, पुन्हा हाक मारली. तेव्हा एक म्हातारी तांबडी गाय आली, आणि तिच्या मागे बाकीच्या. त्या खुरांखाली वाळका थर कुरकुरत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी ते पुसलं नाही.

"फुलं परत येतील का?" डोरिसने विचारलं.

"बी मातीत टिकतं. बरीच वर्षं टिकतं म्हणतात. पण लगेच नाही. दोन-तीन पावसाळे गायींनी हे खाऊन, तुडवून मोकळं करायला हवं."

"मी नसेन."

"रीनो तीन तासांवर तर आहे."

"सू, मी ऐंशीला आलेय. माझी गाडी मुलगा विकणार आहे." मग पुढे म्हणाली, "तू येशील बघायला. आणि मला लिहिशील, काय दिसलं ते. या वेळी विसरू नकोस."

मी हो म्हणाले. तिने फाटकावरचं कुलूप काढून माझ्या हातात दिलं, वजनदार, तेलकट. परत निघताना तिने आणखी एक विचारलं. पूर्वी कधीतरी सूप पिताना मी तिला आत्याच्या शेळ्यांची गोष्ट सांगितली होती, माझ्या यशाची गोष्ट म्हणून. ते तिच्या लक्षात होतं.

"त्या तुझ्या आत्याला नंतर विचारलंस का कधी?"

"काय?"

"काहीही."

परत

परतताना विमानतळावर सुरक्षा तपासणीवाल्यांनी कुलूप बाहेर काढून दोनदा उलटंपालटं केलं. हे कशाचं आहे, त्यांनी विचारलं. एका शेताचं, मी म्हणाले. शेत कुठे आहे, असं त्यांनी पुढे विचारलं नाही.

जायचं असेल त्यांच्यासाठी एवढंच सांगते. डोरिसचं रँच खाजगी आहे, तिथे जाता येणार नाही. पण त्या भागात लोकांसाठी राखलेल्या अशा जागा आहेत, एप्रिलच्या शनिवारी माहितगार माणसं फिरवून आणतात, आधी फोन करून विचारा. फुलं बघायला वाकावं लागतं, उभ्याने नुसता रंग दिसतो. आणि गायी दिसल्या तर नाक मुरडू नका.

जयंतीचा कार्यक्रम माझ्याशिवाय झाला होता. खीर वैशालीनेच केली, थोडी लागली म्हणे खाली. तिने माझ्यासाठी डबा काढून ठेवला होता, तो घ्यायला मी स्वतः कॅरीला गेले आणि तासभर बसले. ती जरा चकित झाली. पुढच्या एप्रिलची सुट्टी मी ऑफिसात आत्ताच मागून ठेवली आहे.

मग शनिवारी सकाळी, म्हणजे तिकडची संध्याकाळ, भारतात फोन करायचं कार्ड खरवडून आत्याला फोन लावला. ती शेजारच्यांच्या फोनवर आली. तब्येत, पाऊस, पोरांची लग्नं झाली. मग मी विचारलं, "आत्या, मी तुला शेळ्या विकायला लावल्या होत्या, आठवतं?"

"आठवते ना बाई. काऊन आता?"

"तुला काय वाटलं होतं तेव्हा? मी कधी विचारलंच नाही."

फोनवर तिच्या मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं.

"वाटाचं काय. डोंगर हिरवा झाला, चांगलंच झालं," ती म्हणाली. "पण ती काळी होती ना, ती दुसऱ्या दिवशी वापस आली होती. पाच कोस चालून. सकाळी दार उघडलं तं उभी."

"मग?"

"मग काय? म्याच नेऊन दिली पुन्हा. दावं धरून, पाच कोस." आत्या हसली, आणि मला बरं वाटावं म्हणून हसली हे मला इतक्या लांबून कळलं. "तूनं सांगतलं होतं ना बाई."